माझ्या लग्नावर तालुक्यात मतदान झालं असतं तर

नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी एकाच मतपत्रिकेवर दोन निर्णय दिले. ‘प्रस्ताव २’ने कोंबड्या, वासरं आणि डुकरिणींना पिंजऱ्यात अंग हलवण्यापुरती जागा मिळवून दिली. ‘प्रस्ताव ८’ने राज्यघटनेत एक वाक्य घातलं : विवाह फक्त स्त्री-पुरुषांचाच वैध. ५२ टक्के मतं पडली आणि मे महिन्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला समलिंगी विवाहाचा हक्क गेला. मुक्या जनावरांची कणव असलेले हे मतदार दुष्ट नव्हते. दोष विचारलेल्या प्रश्नातच होता.

मधल्या काळात सुमारे १८ हजार जोडप्यांनी लग्नं उरकली. माझ्या ऑफिसातल्या दोघींनीही काउंटीच्या कचेरीत लग्न केलं. मी घरून कुंकू लावलेल्या अक्षता नेल्या होत्या. पुढे ऑक्टोबरभर त्या दोघी संध्याकाळी दारोदार फिरून ‘विरोधात मत द्या’ म्हणून विनवत होत्या. एकदा मीही गेले. एका गृहस्थांनी पाणी दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘तुम्ही दोघी चांगल्या आहात. बघतो, विचार करतो.’’ माणूस सज्जन होता, पण या दोघींनी नवरा-बायकोसारखं राहावं की नाही, याचा विचार त्याने का करायचा?

माझं लग्न आंतरजातीय. विशेष विवाह कायद्याप्रमाणे आमच्या नावांची नोटीस कचेरीच्या फलकावर ३० दिवस होती. दोन्हीकडचे भाऊबंद येऊन वाचून गेले, घरी तमाशेही झाले. पण जात हे कारण पुढे करून आक्षेप नोंदवायची सोयच कायद्यात नव्हती. तालुक्याचं मत घेतलं असतं तर आम्ही हरलोच असतो, आणि तेही दणकून. १९५८ मध्ये गॅलपच्या पाहणीत काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला जेमतेम ४ टक्के अमेरिकनांची मान्यता होती. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने मात्र त्या लग्नांवरची बंदी त्याच्या दहा वर्षं आधीच उठवली होती. लोकमताची वाट पाहिली असती तर किती जणांची उमर निघून गेली असती!

न्यायाधीशांनी लादलेलं टिकत नाही, लोकांनी मनापासून स्वीकारायला हवं, असं अनेक जण म्हणतात. २०१२ मध्ये मेन, मेरीलँड आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या मतदारांनी स्वतःच समलिंगी विवाहाला कौल दिला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण मेनमध्ये २००९ साली मतदारांनीच अशा विवाहाचा कायदा रद्द केला होता. मधली तीन वर्षं तिथल्या जोडप्यांनी कोणाकडून परत मागायची? कॅलिफोर्नियात तर जून २०१३ पर्यंत थांबावं लागलं, आणि तिथेही दार उघडलं ते कोर्टानेच.

२०२४ मध्ये ‘प्रस्ताव ८’चं ते वाक्य राज्यघटनेतून काढण्यासाठी पुन्हा मतदान झालं. मी ‘हो’ म्हटलं. प्रस्ताव मोठ्या फरकाने जिंकला, तरी एक तृतीयांशाहून जास्त मतं विरोधात होती. हक्क मतपेटीतून हिरावला गेला होता म्हणून तो तिथूनच सोडवून आणावा लागला, एवढंच त्या मतदानाचं समर्थन.

भारतात १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा विषय कायदेमंडळावर सोपवला. तेव्हापासून ‘आधी समाजाला विचारा’ हा सूर मी आपल्या लोकांत वारंवार ऐकते. समाजाला विचारू नका. संसदेने कायदा करावा, आणि त्या जोडप्यांना तेवढंच विचारावं जेवढं कचेरीत आम्हाला विचारलं होतं : वय किती, आधीचं लग्न आहे का, जवळचं नातं आहे का, दोघांची संमती आहे का.