चूक सरकारची, हप्ता तुमचा

एक साधं गणित करून बघा. एका तरुणाने वर्षाचे पहिले तेरा पंधरवडे नोकरी केली आणि दर पंधरवड्याला १,२०० डॉलर कमावले. मग नोकरी गेली. उरलेले तेरा पंधरवडे त्याने बेकारभत्ता घेतला आणि दर वेळी ‘सध्या उत्पन्न शून्य’ असं खरं तेच सांगितलं. आता त्याची वर्षाची कमाई १५,६०० डॉलर. तिला २६ने भागा. उत्तर ६००. म्हणजे बेकार असतानाही हा गडी दर पंधरवड्याला ६०० डॉलर कमावत होता! जादा भत्ता लाटला! पाठवा वसुलीची नोटीस!

शाळेतल्या मुलालाही कळेल की ही सरासरी खोटी आहे. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने मात्र २०१५ ते २०१९ या काळात नेमकी हीच पद्धत वापरून लाखो लोकांना कर्जबाजारी ठरवलं. लोकांनी तिला नाव दिलं ‘रोबोडेट’. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या पगाराच्या स्लिपा शोधून आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायचं काम नोटीस आलेल्यावर. कर्ज आहे हे सिद्ध करायचं काम मात्र कुणावरच नाही. अखेर नोव्हेंबर २०१९मध्ये एका तरुणीच्या खटल्यात सरकारनेच मान्य केलं की अशा सरासरीवर उभी केलेली मागणी कायद्यात बसत नव्हती. पुढच्या वर्षी सुमारे ४ लाख ७० हजार ‘कर्जां’चे पैसे परत करण्याची घोषणा करावी लागली. पैसे परत आले. पण वसुलीच्या तगाद्यानंतर ज्या तरुणांनी जीव दिला, त्यांच्या आयांना चौकशी आयोगापुढे साक्ष द्यायला उभं राहावं लागलं.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातही २०१३ ते २०१५ दरम्यान हेच घडलं. संगणकाने सुमारे ४० हजार लोकांवर बेकारभत्त्यात फसवणूक केल्याचा शिक्का मारला. दंड मूळ रकमेच्या चौपट. फक्त संगणकाने निकालात काढलेली प्रकरणं नंतर माणसांनी तपासली, तेव्हा त्यातली ९३ टक्के चुकीची निघाली. चोर सोडून संन्याशाला सुळी देणं आपल्याला म्हणीतून माहीत होतं. त्याचं सॉफ्टवेअर तिथे तयार झालं.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो : ‘हे चुकीचे हिशोब झाले. पण पैसे खरोखरच जादा गेले असतील तर? ते जनतेचेच ना?’ आक्षेप रास्त आहे. आपल्या करार कायद्याचं ७२वं कलमही सांगतं की चुकून मिळालेले पैसे परत करावेत. आणि खोटं बोलून कुणी भत्ता घेतला असेल, तर जरूर वसूल करा.

पण ज्याने सगळं खरं सांगितलं, ज्याच्या खात्यात ऑफिसच्या चुकीने जादा रक्कम आली, त्याने ते पैसे तिजोरीत ठेवलेले नसतात. ते घरभाड्यात, किराण्यात, गॅस सिलिंडरमध्ये कधीच संपलेले असतात. तीन वर्षांनी ते मागणं म्हणजे त्याने कधीच न मागितलेलं कर्ज त्याच्या गळ्यात बांधणं. चूक करणाऱ्या ऑफिसचा पगार चालूच राहतो, हप्ते मात्र बेकाराने भरायचे. हा कुठला न्याय?

ही भाबडी दया नाही, हा कायद्यालाही पटलेला विचार आहे. खुद्द ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात, निव्वळ सरकारी चुकीने गेलेली आणि प्रामाणिकपणे घेतलेली रक्कम काही अटींवर माफ करायची तरतूद आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये पंजाब सरकार विरुद्ध रफीक मसीह या खटल्यात सांगितलं की चुकून गेलेला जादा पगार तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून वसूल करू नये. निवृत्तांकडून करू नये. पाच वर्षांहून अधिक काळ चुकीने दिला गेला असेल, तरीही करू नये. तत्त्व स्पष्ट आहे : वसुलीने होणारा जाच सरकारच्या हक्कापेक्षा मोठा असेल, तर सरकारने हात आखडता घ्यावा.

शिपायाला मिळणारं हे संरक्षण अनुदान घेणाऱ्याला का मिळू नये? आज आपल्याकडेही पैसे थेट खात्यात येतात. आधार, पॅन, आयकर यांच्या याद्या एकमेकींशी ताडून अपात्र ठरवलं जातं. पीएम-किसानमध्ये अपात्र ठरलेल्यांकडून वसुली झालीच आहे. आणि आपली पिढी एक महिना डिलिव्हरी, दोन महिने काहीच नाही, मग कंत्राटी नोकरी, अशी जगते. बारा महिन्यांची सरासरी काढली तर आपण सगळेच लबाड ठरू.

म्हणून नियम आधी ठरायला हवेत. नोटीस जाण्याआधी हिशोब माणसाने तपासावा. पुरावा मागणाऱ्याने द्यावा. अपील चालू असताना एक रुपयाही कापू नये. प्रामाणिक माणसाच्या बाबतीत ऑफिसची चूक ऑफिसने सोसावी.

आणि उद्या तुमच्या मोबाइलवर असा मेसेज आलाच, तर घाबरून लगेच पैसे भरू नका. आधी लेखी विचारा : हा आकडा काढलात कसा?