वस्त्र कोणाचे?

४ फेब्रुवारी २०२२ रोजी बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात चीनचा राष्ट्रध्वज हातोहात पुढे नेला जात होता. देशातील ५६ मान्यताप्राप्त वांशिक समूहांचे प्रतिनिधी आपापल्या पोशाखात तो पुढे देत होते. त्यांत आखूड जेओगोरी आणि छातीपासून घेरदार उतरणारा छिमा ल्यालेली एक स्त्री होती. हा कोरियाचा हानबोक. दक्षिण कोरियात संताप उसळला. चीन आमची संस्कृती बळकावतो आहे, असा आरोप झाला. सोलमधील चिनी दूतावासाने उत्तर दिले की, हा पोशाख द्वीपकल्पातील लोकांचा आहे, तसाच चीनमधील कोरियन वंशाच्या नागरिकांचाही आहे.

वस्त्राला मूळ मालक असतो आणि तो एक राष्ट्र असतो, हे या वादामागचे गृहीतक मला मान्य होत नाही. सातव्या शतकात सिल्ला राज्याच्या दरबाराने तांग साम्राज्याचा दरबारी पोशाख स्वीकारला. पुढे चौदाव्या शतकात युआन दरबारात कोरियन धाटणीचे कपडे लोकप्रिय झाले. वस्त्रांची ये-जा दोन्ही दिशांनी होत राहिली. मग त्यांना अस्मितेचा अर्थ कधी येतो? माझ्या मते, सक्ती होते तेव्हा.

१६४५ साली मांचूंच्या छिंग सत्तेने हान पुरुषांना डोक्याचा पुढचा भाग भादरून मागे वेणी ठेवण्याचा हुकूम काढला. नकाराची शिक्षा मृत्यू होती. पेहरावही मांचू पद्धतीचा सक्तीचा झाला. कोरियात १८९५ साली जपानच्या दबावाखाली पुरुषांचा बुचडा कापण्याचा हुकूम निघाला. केस हे आईबापांचे देणे मानणाऱ्या कन्फ्यूशियन समाजाला तो शरीरावरचा घाला वाटला. पांढऱ्या कपड्यांचा इतिहास तर अधिक बोलका आहे. जोसन काळातील राजांनीही पांढऱ्या कपड्यांवर अनेकदा बंदी घालून पाहिली होती आणि लोकांनी ती फारशी मनावर घेतली नव्हती. परंतु जपानी राजवटीने (१९१०-१९४५) रंगीत कपड्यांची मोहीम चालवली, तेव्हा तोच पांढरा रंग राष्ट्राचा रंग ठरला. कापड बदलले नव्हते, मनाई करणारा बदलला होता.

याची दुसरी बाजूही आहे. लादणाऱ्यांच्या नावाचे वस्त्र कालांतराने आपलेसे होते. ‘छीपाओ’ या शब्दातील ‘छी’ मांचूंच्या लष्करी ‘ध्वज’व्यवस्थेतून आला. तरीही १९२९ साली चिनी प्रजासत्ताकाने त्याला स्त्रियांच्या औपचारिक पोशाखात स्थान दिले. लेखिका आयलीन चांग यांनी १९४३ मध्ये फॅशनवर लिहिताना या लांब झग्यामागे पुरुषांची बरोबरी करण्याची स्त्रियांची इच्छा पाहिली. एकाच वस्त्रात वंश, राष्ट्र आणि लिंगभाव असे तीन दावे एकत्र आले. पुढे २००१ साली शांघायच्या एपेक परिषदेत जगातील नेत्यांना ‘तांग पोशाख’ चढवण्यात आला. नाव तांग वंशाचे, कापणी मात्र छिंगकालीन मांचू जाकिटाची! त्यानंतर दोनच वर्षांनी सुरू झालेल्या हानफू चळवळीला हा मांचू वारसा नको होता. पण शुद्ध हान पोशाख शिवायचा, तर जुनी चित्रे आणि थडग्यांतील अवशेषच धुंडाळावे लागतात, कारण परंपरेचा धागा मध्ये तुटला आहे.

कोरियात एका वस्त्राला दोन नावे आहेत: दक्षिणेत हानबोक, उत्तरेत जोसनओत. दोन्ही नावांत त्या त्या राज्याचे नाव गुंफलेले आहे. मग बीजिंगच्या त्या स्त्रीने आपल्या कपड्याला काय म्हणावे? चीनमधील कोरियन समाजातील अनेकांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात दुष्काळ आणि दारिद्र्याने तुमेन नदी ओलांडून आले. १९५२ साली त्यांचा यानबियान हा स्वायत्त प्रांतविभाग झाला. आजीकडून नातीकडे आलेला तिचा पोशाख कोणी कोणाकडून चोरलेला नाही. पण एका बाजूला ती राष्ट्रीय ऐक्याचा पुरावा ठरते, तर दुसऱ्या बाजूला चोरीचा. माणूस म्हणून ती उरतच नाही.

साहित्याचे वाचक म्हणून आपल्यालाही यातून काही शिकता येईल. संहितेत पोशाखाचे वर्णन आले की आपण चटकन त्याला संस्कृतीचे प्रतीक म्हणून मोकळे होतो. तेथे थोडे थांबावे. तो कोणी, कोणाच्या हुकमाने आणि कोणाच्या देखत घातला आहे, हे विचारावे. वस्त्र कोणाचे, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बहुधा एकच असते: जो ते अंगावर घालतो, त्याचे.