मुंबईत उतरायचं कुठं?

गावाकडून कुणी मुंबईला यायचं म्हणालं, की पहिला प्रश्न मुक्कामाचा असतो. बाकीचं हे शहर निभावून नेतं. लोकलचं तिकीट आजही पाच रुपयांपासून आहे. वडापाव, उसळपाव आणि दादरच्या 'प्रकाश'मधलं पियुष यांवर दिवस मजेत जातो. पाहण्यासारखं तर कितीतरी फुकट आहे. सीएसएमटीहून चालत ओव्हल मैदान गाठावं. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, समोर आर्ट डेको इमारतींची रांग. २०१८ पासून जागतिक वारसा ठरलेला हा परिसर बघायला कुणी तिकीट मागत नाही.

पण रात्री पाठ टेकायची कुठं?

एकेकाळी हे कोडं गावांनीच सोडवलं होतं. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी वर्गणी काढून खोल्या घेतल्या होत्या. ट्रंक आणि वळकटी तिथं ठेवायची, पाळीपाळीनं झोपायचं, जेवायला खानावळीत जायचं. या खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. धोबी तलावाच्या परिसरात गोव्यातल्या गावांचे क्लब होते. गोंयकार त्यांना कूड म्हणतात. बोटीची वाट पाहणारा खलाशी तिथं अगदी थोड्या पैशांत राहायचा. पुढं गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर आले आणि गावाची खोलीही गेली.

माणसं मात्र येतातच. कुणी परीक्षेला, कुणी मंत्रालयात, कुणी न्यायालयाच्या तारखेला. सगळ्यांत अवघड परिस्थिती परळला टाटा रुग्णालयात येणाऱ्यांची. उपचार महिनोन्‌महिने चालतात, लॉजचं भाडं रोज द्यावं लागतं. मग आजारी माणसाला घेऊन कुटुंबं फुटपाथवर राहतात. गाडगेबाबांनी हे दुःख फार आधी ओळखलं होतं. त्यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावानं दादरला चालणारी धर्मशाळा आजही कॅन्सरच्या रुग्णांना आसरा देते. पण एका धर्मशाळेनं एवढी गरज कशी भागणार?

मनावर घेतलं तर शहराला हे जमतं. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंचा जनसागर येतो. महापालिका शिवाजी पार्कवर मंडप घालते, पाणी, शौचालयं आणि दवाखान्याची सोय करते. तीच जबाबदारी वर्षभर का घेऊ नये? सीएसएमटी, दादर आणि परळजवळ सरकारी जागेवर परवडणारी यात्री निवासं हवीत. स्वच्छ खाट, आंघोळीला गरम पाणी, सामानाला कुलूपबंद कपाट आणि बायकांसाठी वेगळा, सुरक्षित मजला एवढं पुरे. राज्याच्या राजधानीत कामाला आलेल्या माणसाला रात्री छप्पर मिळणं हा त्याचा हक्क आहे. येत्या अर्थसंकल्पात महापालिकेनं त्यासाठी पैसे राखून ठेवावेत.