लक्ष नाही, की ऐकूच येत नाही?

‘वर्गात लक्ष नसते’, ‘चार हाका मारल्या तरी ओ देत नाही’, ‘टीव्हीचा आवाज सारखा वाढवतो’. पालकसभेत अशा तक्रारी झाल्या की मुलाला दम मिळतो, फार तर मोबाइल काढून घेतला जातो. ‘एकदा कान तपासून घ्या’ असे मात्र क्वचितच कोणी सुचवते. यातल्या काही मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेले असते.

हे आंघोळीचे किंवा पोहण्याचे पाणी नव्हे. मध्यकर्णाला घशाशी जोडणारी एक नळी असते, तिच्यातून कानात हवा खेळती राहते. नळी बंद झाली की आतली हवा शोषली जाते आणि अस्तरातून द्रव झिरपतो. ना ठणका, ना ताप, ना कान वाहणे. त्यामुळे मूल तक्रार करत नाही. ऐकणे साधारण २५ ते ३० डेसिबलने मंदावते. घरात समोरासमोर बोलताना हे जाणवतही नाही. वर्गाच्या गोंगाटात मागच्या बाकावर मात्र बाईंचे अर्धे शब्द निसटतात. पाणी पडद्याच्या आत असल्याने बाहेरून घातलेले तेल तिथे पोहोचत नाही.

लहान मुलांत ही नळी आखूड आणि आडवी असते. सहा-सात वर्षांनंतर ती सुधारते. म्हणून शाळकरी वयातही त्रास टिकला तर कारण शोधायला हवे. वारंवार सर्दी, नाकामागच्या वाढलेल्या अ‍ॅडेनॉइड ग्रंथी आणि घरातला सिगारेट-विडीचा धूर ही नेहमीची कारणे. अनेक मुलांत जोडीला नाकाची अ‍ॅलर्जीही आढळते. तोंड उघडे ठेवून झोपणारे, घोरणारे मूल हा इशारा समजावा. दुभंगलेली टाळू किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांची तर नियमित तपासणी व्हावी.

यातले मुलाचे वय आपण बदलू शकत नाही, धूर मात्र थांबवू शकतो. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २००८ पासून देशभर बंदी आहे; घराच्या उंबरठ्याआत कायदा येत नाही. तिथे वडिलांनी आणि आजोबांनीच स्वतःला आवरायचे आहे. खिडकीशी उभे राहून ओढल्याने मूल वाचत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून सरकारी शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते, त्यात ऐकण्याचाही समावेश आहे. ही चांगलीच सोय आहे. पण हे पाणी येते-जाते. उन्हाळ्यात स्वच्छ ऐकणारे मूल पावसाळ्यातल्या सर्दीनंतर महिनोन्महिने कमी ऐकू शकते. एका दिवसाची तपासणी त्याला पकडेलच असे नाही. रोज समोर असणाऱ्या शिक्षकांची नजर म्हणूनच मोलाची. ‘लक्ष नाही’ असा शेरा लिहिण्याआधी पाठमोरे उभे राहून हळू आवाजात त्याचे नाव घेऊन पाहावे, शंका आली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवावे. खासगी शाळांनीही ही जबाबदारी झटकू नये.

निदान झाले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक मुलांत तीन महिन्यांत पाणी आपोआप ओसरते. त्यासाठी अँटिबायोटिकचा आग्रह धरू नये. ती किंवा सर्दीची औषधे हे पाणी घालवत नाहीत. तोवर मुलाला पुढच्या बाकावर बसवावे, समोर येऊन बोलावे. तीन महिन्यांनी कान पुन्हा तपासावा आणि ऐकणे मोजावे. पाणी तसेच असेल, ऐकणेही कमीच असेल, तर पडद्यात छोटी नळी, म्हणजे ग्रोमेट, बसवणे किंवा अ‍ॅडेनॉइड काढणे हे पर्याय आहेत.

ऐकूच न आलेल्या गोष्टीबद्दल मुलाने ओरडा खाणे हा अन्याय आहे. पुढच्या पालकसभेत तक्रार ऐकाल, तेव्हा आधी त्याचे कान तपासा.