गाडीत माल किती, हे ड्रायव्हरला कोण सांगणार?

माझा एक मित्र सकाळी भिवंडीत काकांचा छोटा टेम्पो चालवतो आणि दुपारी लेक्चरला येतो. परवा त्याच्यासोबत एका गोदामाच्या गेटवर तासभर उभी होते. टाइल्सची खोकी चढत होती. चाळिसाव्या खोक्याला मागचे पाटे सपाट झाले, तरी भरणं थांबलं नाही. का? तर हौद्यात वर अजून जागा होती. चलनावर फक्त नग लिहिलेले. वजन कुठेच नाही.

सगळा घोळ इथेच आहे. जागा आहे म्हणजे गाडीला झेपेल, असं आपण धरून चालतो. चिप्सच्या पाकिटांनी हौदा गच्च भरला तरी गाडीला पत्ता लागत नाही. टाइल्स, सुताचे कोन, कापडाचे तागे यांचं तसं नाही. पाऊण टनाच्या टेम्पोत 25 किलोची 30 खोकी बसली की हिशोब संपला. ही क्षमता शोधायला इंजिनीअर लागत नाही. आरसीवर भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा असते आणि रिकाम्या गाडीचं वजनही असतं. वजाबाकी करा. त्यात ड्रायव्हर-क्लीनरही धरा.

वजन दुप्पट झालं की त्याच वेगात ब्रेकवरचा ताणही दुप्पट होतो. सपाट रस्त्यावर हे लपून जातं. नाशिककडून कसारा घाट उतरताना लपत नाही. तापलेले ब्रेक धरेनासे होतात. रस्त्याचं तर विचारूच नका. एका अ‍ॅक्सलवरचं वजन दुप्पट केलं तर रस्त्याची झीज साधारण 16 पट होते. मग त्याच खड्ड्यांवर आपण रील्स बनवतो!

ब्रिटनमध्ये लोक सुट्टीत गाडीमागे कॅरॅव्हान जोडून फिरतात. तिथे नवख्यांना सल्ला असतो की भरलेली कॅरॅव्हान गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवा. म्हणजे गाडी 1,500 किलोची असेल तर कॅरॅव्हान 1,275 किलोपर्यंत. मौजेसाठी निघालेला माणूस आधी वजनाचं गणित करतो. आपल्याकडे पोटासाठी गाडी चालवणाऱ्याला ते करायची सोयच नाही.

कायदा मात्र कडक आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला 20 हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा वजनाच्या प्रत्येक टनामागे 2 हजार. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही, उतरवण्याचा खर्चही आपलाच. काट्यावर जायला नकार दिला तर 40 हजार. कायद्यात फक्त 'चालवणारा' नाही, 'चालवायला लावणारा' आणि 'चालवू देणारा'ही आहे. पण हायवेवर गाडी अडवली की समोर सापडतो तो ड्रायव्हरच.

हा विषय आपल्या कट्ट्याचा आहे, कारण नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की कारचं म्हणजे एलएमव्ही लायसन्स असलेला माणूस 7,500 किलोपर्यंतची मालगाडीही चालवू शकतो. पार्टटाइम टेम्पो चालवणारी आपल्यातली मुलं यापुढे वाढतीलच.

मित्राने त्या दिवशी विचारलं होतं, "दादा, वजन किती झालं?" सुपरवायझर म्हणाला, "तुला नसेल न्यायचं तर सांग, मागे तीन गाड्या उभ्या आहेत." मित्र गप्प बसला आणि गाडी घेऊन निघाला. त्याला दोष देणं सोपं आहे. मला तो देता येत नाही.

म्हणून मागणी गोदामवाल्यांकडे आणि आरटीओकडे आहे. खोक्यावर वजन छापलेलं असतंच. गेटपासवर नगांच्या शेजारी एकूण वजनाचा एक रकाना ठेवा आणि त्याच्या शेजारी त्या गाडीची क्षमता लिहा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान असेल तर गेट उघडू नका. आणि आरटीओच्या पथकांनी हायवेवर उभं राहण्याआधी मानकोली, काल्हेर, पूर्णा इथल्या गोदामांच्या गेटवर हे पास तपासायला सुरुवात करावी.