कुंग-फू वाटेवर कामाला येईल काय?

१९७३ साली ब्रूस ली गेला, ‘एंटर द ड्रॅगन’ आला, आणि जे वेड लागले ते अजून उतरलेले नाही. पण चांदीच्या दागिन्यांची पिशवी घेऊन हुपरीहून निघालेल्या कारागिराला वाटेत कोणी अडवले, तर हे कुंग-फू उपयोगी पडेल काय? ते ज्या रीतीने बहुधा शिकवले जाते, त्या रीतीने मुळीच नाही!

दोष लाथेत नाही, सरावात आहे. हवेत ठरावीक हातवारे करायचे. जोडीदाराने ठरल्याप्रमाणे ठोसा मारायचा आणि ठरल्याप्रमाणे पडायचे. खुद्द ब्रूस लीलाही असला साचेबंदपणा मान्य नव्हता. २०१७ साली चीनमध्येच शू श्याओडोंग नावाच्या लढवय्याने ताई-चीच्या एका गुरूला अर्ध्या मिनिटाच्या आत लोळवले. उलट आपल्या तालमीतला पोरगा रोज अशा गड्याशी झोंबतो, ज्याला पडायचे नसते. १९९३ साली अमेरिकेत निरनिराळ्या युद्धविद्यांची झुंज लावली, तेव्हा धरून पाडणारा रॉयस ग्रेसीच जिंकला.

म्हणून मर्दानी खेळाची फुशारकीही नको. मिरवणुकीतला दांडपट्टा देखणा खरा, पण तिथेही समोर मारायला कोणी उभा नसतो. आणि सुरा निघाला, तर खासबाग गाजवलेल्या मल्लानेही पिशवी टाकून पळावे. चांदी पुन्हा घडवता येते.

मुलींचे काय? एस.टी. स्टँडवर मनगट धरणाऱ्याचा हात सोडवायचा, तर खरोखर जोराने मनगट धरणारी मैत्रीण सरावाला हवी. जिमखान्याने यंदा त्यांच्यासाठी गाद्या घ्याव्यात.