जग जवळ आले, पण कोणाच्या?

एखाद्या परदेशी विमान कंपनीने ऑस्ट्रेलियाला जाणारी लांब पल्ल्याची नवी सेवा सुरू केली, की आपल्या वृत्तपत्रांत एक वाक्य हमखास अवतरते : जग आणखी जवळ आले. कंपनीच्या जाहिरातीत हे वाक्य शोभते, कारण तिला तिकिटे विकायची असतात. परंतु तेच वाक्य प्रवासवर्णनांच्या प्रस्तावनांत, चर्चासत्रांच्या बीजभाषणांत आणि ‘जागतिकीकरण आणि मराठी साहित्य’ या प्रश्नाच्या उत्तराची पहिली ओळ म्हणून कसलीही तपासणी न होता येते, तेव्हा त्याच्याशी भांडणे हे साहित्याच्या शिक्षकाचे कामच ठरते. प्रस्तुत लेखक वर्धा जिल्ह्यात मराठी शिकवतो. हे भांडण तेथूनच मांडलेले बरे.

आधी साधा भूगोल पाहू. कतार एअरवेजने डिसेंबर २०१५ मध्ये नागपूर-दोहा सेवा सुरू केली आणि तीनच महिन्यांनी, मार्च २०१६ मध्ये, दोहा-सिडनी. नागपूरचा विमानतळ वर्ध्याच्याच रस्त्यावर. तेव्हा वर्धेकराच्या दृष्टीने ऑस्ट्रेलिया दोन उड्डाणांवर आला, असे म्हणायला हरकत नव्हती. पण हिशेब मांडला तर काय दिसते? नागपूर ते सिडनी सरळ अंतर सुमारे ९,८०० किलोमीटर. ऑस्ट्रेलिया आपल्या आग्नेयेस, तर दोहा वायव्येस. म्हणजे आधी उलट दिशेने सुमारे २,८०० किलोमीटर जायचे आणि मग सुमारे १२,४०० किलोमीटर परत पूर्वेकडे. प्रवास दीडपटीहून अधिक झाला. त्यातही मौज अशी, की दोहा ते सिडनी सर्वांत आखूड रेषा काढली तर ती केरळ-तमिळनाडूच्या टोकावरून जाते. घर सोडून आखातात जायचे आणि पुन्हा आपल्याच देशाच्या माथ्यावरून पुढे जायचे, याला आपण ‘जवळ येणे’ म्हणतो!

यावर कोणी म्हणेल, की सोय महत्त्वाची, किलोमीटर नव्हेत. मान्य. पण सोय कोणाची, हा प्रश्न उरतोच. आकाश मोकळे असते, ही कविकल्पना आहे. कोणत्या देशाच्या विमानांनी कोणत्या शहरांत आठवड्यातून किती वेळा उतरायचे, हे सरकारा-सरकारांतील करार ठरवतात. कतार एअरवेजला ऑस्ट्रेलियात आठवड्याला २८ जादा फेऱ्या हव्या होत्या. २०२३ मध्ये तेथील सरकारने राष्ट्रहिताचे कारण देऊन नकार दिला. पुढे २०२५ मध्ये व्हर्जिन ऑस्ट्रेलियाच्या नावाने, पण कतारच्याच विमानांनी, दोहाहून जादा फेऱ्या सुरू झाल्या. जगाच्या जवळिकीचे वेळापत्रक असे टेबलावर बसून ठरते, आणि त्या टेबलाशी वर्ध्याला खुर्ची नसते.

आता थोडा इतिहास. १९३४ च्या लंडन-मेलबर्न विमानशर्यतीत अलाहाबाद हा सक्तीचा थांबा होता. १९३५ मध्ये लंडन-ब्रिस्बेन प्रवासी सेवा सुरू झाली, तेव्हा कराची, जोधपूर, अलाहाबाद, कलकत्ता असे उतरत जावे लागे. साऱ्या प्रवासाला सुमारे साडेबारा दिवस लागत. १ डिसेंबर १९४७ रोजी क्वांटासने सिडनीहून लंडनसाठी विमान सोडले, तेही कलकत्ता आणि कराची येथे थांबले. आपल्या नागपूरचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि माघारी जात. नागपूर मध्यावर होते, म्हणून महत्त्वाचे होते.

थांबा ही विमानाची दुर्बलता होती, हे खरे. पण थांब्यामुळे मधल्या गावाला नाव मिळत होते. मार्च २०१८ मध्ये पर्थहून लंडनला न थांबता जाणारी सेवा सुरू झाली : सुमारे १४,५०० किलोमीटर, सुमारे १७ तास. या नव्या पराक्रमाचे सार एवढेच, की मधले सगळे वगळता येते. लांब पल्ल्याची सेवा दोन टोकांना जवळ आणते आणि मधल्यांना नुसते ओलांडते. आपण मधले आहोत. ज्यांच्या डोक्यावरून जग जाते, त्यांनी ‘जग जवळ आले’ म्हणून टाळ्या वाजवाव्यात, हा प्रकार केविलवाणा आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आर्वी तालुक्यातील माझी एक जुनी विद्यार्थिनी मेलबर्नच्या प्रवेशासाठी कागद घेऊन आली. मार्च २०२४ पासून ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी-व्हिसासाठी अर्जदाराला काही प्रश्नांची लेखी उत्तरे इंग्रजीत द्यावी लागतात. त्यांतील एक असा, की तुमचे कुटुंब, समाज, नोकरी आणि आर्थिक स्थिती यांच्याशी तुमचे नाते काय? उत्तर १५० शब्दांच्या आत. कपाशीचे चार एकर, वडिलांचे कर्ज, धाकटा भाऊ, आईची शिवणयंत्रावरची कमाई हे सगळे १५० इंग्रजी शब्दांत आणि तेही असे बसवायचे, की अर्जदार खरोखर शिकायलाच येत आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी. आम्ही दोन संध्याकाळी त्या मजकुराशी झुंजलो. जाताना तिच्या आईने विचारले, “मंधात कुठी उतरते का जी सर, ते इमान?” मी म्हणालो, “दोह्याला.” त्या म्हणाल्या, “तथी कोनी हाये का आपलं?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आपल्या साहित्याजवळ तरी आहे काय?

त्या अर्जाचे आकडेही नोंदवून ठेवतो, कारण आपले समीक्षक आकड्यांना घाबरतात. विद्यार्थी-व्हिसाचे शुल्क जुलै २०२४ मध्ये ७१० वरून १,६०० ऑस्ट्रेलियन डॉलर झाले आणि जुलै २०२५ मध्ये २,०००. मे २०२४ पासून राहण्याच्या खर्चासाठी २९,७१० डॉलर जवळ असल्याचे दाखवावे लागते. शिकत असताना पंधरवड्यात ४८ तासांहून अधिक काम करता येत नाही. याउलट, डिसेंबर २०२२ मध्ये अमलात आलेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारानुसार तेथील ५१ हजार टन कापूस दरवर्षी आयातशुल्काशिवाय भारतात येऊ शकतो. हिंगणघाटचे नाव एके काळी लिव्हरपूलच्या बाजारात कापसाची एक जात म्हणून चालत असे. त्याच जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मुलीला आपण कोण हे सिद्ध करावे लागते; ऑस्ट्रेलियाच्या कापसाला १५० शब्दांचा निबंध लिहावा लागत नाही. जग जवळ आले असेल, तर ते आधी मालाच्या जवळ आले आहे.

आता उत्तरपत्रिकेतील त्या दुसऱ्या लाडक्या वाक्याकडे वळू : जग हे एक खेडे झाले आहे. मार्शल मॅक्लुहानची १९६० च्या दशकातील ही संकल्पना आपण जपमाळेसारखी ओढतो. पण हे वाक्य लिहिणाऱ्या मराठी माणसाला खेडे ठाऊक नाही काय? खेड्याला गावकूस असते. गावकुसाच्या आत कोणी राहायचे, बाहेर कोणी, पाणवठ्यावर कोणी केव्हा यायचे, हे ठरलेले असते. दलित साहित्याने पन्नासहून अधिक वर्षे आपल्याला हेच शिकवले. नागपूरच्या विमानतळाला ज्यांचे नाव आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याविषयी किती कठोर मत मांडले, हेही आपण वर्गात शिकवतो. मग जग खेडे झाले, हे आनंदाने सांगण्यासारखे कसे? ते खरेच खेडे झाले असेल, तर व्हिसा हे त्याचे गावकूस आहे. या अर्थाने ते वाक्य लिहिणारा विद्यार्थी मला भेटला, तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन.

माझा खरा आक्षेप विमान कंपनीवर नाही. आपल्या गद्यावर आहे. प्रवासवर्णनाने विमान कंपनीचाच नकाशा स्वीकारला. विमान सुटते, ढग दिसतात, विमान उतरते आणि मग रस्त्यांची स्वच्छता सुरू होते. मधले दोहा नुसते झगमगते दुकान म्हणून येते. ते बांधणारे, झाडणारे, तेथे ट्रॉल्या ओढणारे भारतीय, नेपाळी, बांगलादेशी हात दिसतच नाहीत. स्थलांतराच्या कथेत मुलगा परदेशी आणि आईवडील शहरातील सदनिकेत एकटे, हा साचा ठरून गेला. कर्ज काढून गेलेली, रात्रपाळी करून शिकणारी, पंधरवड्याचे तास मोजणारी आर्वीची मुलगी त्या साच्यात बसत नाही. म्हणून ती लिहिली जात नाही.

वास्तविक आपली परंपरा अशी नव्हती. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घराबाहेर पडले ते कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये पैसा आहे, भीती आहे, लूट आहे आणि प्रत्येक मुक्काम आहे. प्रवासाची किंमत सांगायला त्यांना लाज वाटली नाही. आमच्या जिल्ह्यातून तर विनोबा १९५१ मध्ये पायी निघाले आणि देशभर हिंडून १९६४ मध्ये पवनारला परतले.

येथे कोणी हसून विचारेल, की मग आता मेलबर्नला पायी जायचे काय? नाही. विमान हवे, स्वस्त हवे, नागपूरहून हवे. त्या मुलीने जावे, शिकावे आणि वाटले तर तेथेच राहावे. भूतकाळात रमणे हा या लेखाचा हेतू नाही. मुद्दा एवढाच, की जवळीक वाहनातून येत नाही. शेगाव नावाचे एक खेडे होते. १९३६ मध्ये गांधी तेथे राहायला गेले, तेव्हा तेथे पक्का रस्ता नव्हता. विदर्भातल्याच दुसऱ्या शेगावशी नावाचा घोटाळा होऊन पत्रे चुकत, म्हणून १९४० मध्ये त्याचे सेवाग्राम झाले. १९४२ च्या जूनमध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार तेथे आठवडाभर राहिला आणि त्या आठवड्याचे त्याने पुस्तक केले. जग त्या खेड्याच्या जवळ आले, कारण त्या खेड्याजवळ जगाला सांगण्यासारखे काही होते आणि ऐकायला आलेला माणूस तेथे थांबला.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि सहकारी शिक्षकांना एकच विनंती. ‘जग जवळ आले’ हे वाक्य काही वर्षे तरी हद्दपार करावे. त्याऐवजी प्रत्येक प्रवासवर्णनाला आणि प्रत्येक स्थलांतरकथेला तीन प्रश्न विचारावेत : जाण्याचे पैसे कोणी दिले? मधे कोण भेटले? आणि मागे राहिलेल्यांना ते अंतर किती वाटले?

ती मुलगी आता मेलबर्नला आहे. भारतीय वेळेनुसार पहाटे, कामावरून परतताना, ती आईला दूरध्वनी करते. दोह्याला आपले कोणी आहे काय, याचे उत्तर तिला मिळाले असावे. एकदा तिने सांगितले, की विमानतळावर झाडणाऱ्या एका तेलुगू बाईने तिला पिण्याचे पाणी कोठे मिळते ते दाखवले होते. तिला मी हे लिहायला सांगितले आहे. शब्दमर्यादा नाही, आणि भाषा मराठी.